आवाजाच्या भिंतीमागचा माणूस

“मॅडम, रातले कानमा शिट्टी वाजस.”

अहिराणीत एवढे एकच वाक्य बोलून ते स्टुलावर बसले. वय चव्वेचाळीस, अंगाने धडधाकट, रक्तदाब किंचित वाढलेला. शहादा तालुक्यातील एका गावात त्यांची डीजेची गाडी आहे. लग्नसराईत तळोदा, नंदुरबार, धडगाव आणि पलीकडे गुजरातेतल्या निझरपर्यंत त्यांना बोलावणे असते. हा लेख त्यांच्या संमतीने लिहीत आहे. नाव आणि गाव मात्र वगळावे असे ठरले. “गावातली पोरं मला डीजेदादा म्हणतात, तेच लिहा,” असे ते म्हणाले, म्हणून मीही तेच नाव वापरते.

खरे सांगायचे तर हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वीही माझ्याकडे येऊन गेले होते. कानाला दडे बसल्यासारखे वाटते, अशी तेव्हाची तक्रार होती. मी कानात पाहिले, मळ दिसला, तो मऊ करण्याचे थेंब लिहून दिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. तुम्ही काम काय करता, हे मी विचारलेच नाही. रुग्णाच्या व्यवसायाची चौकशी आम्हाला पहिल्या वर्गापासून शिकवलेली असते. पण बाहेर बाके भरलेली असली की नेमका तोच प्रश्न गळतो. मळ निघाला, दडे राहिले. ते सांगायला डीजेदादा परत आले नाहीत, कारण या धंद्यात एवढे चालायचेच, अशी त्यांची समजूत होती.

या वेळी मी प्रश्न विचारला आणि उत्तराला बराच वेळ दिला. त्यातून जे कळले ते आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांना उपयोगी पडेल असे वाटते. डीजेच्या आवाजाविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण ते बहुधा तो आवाज सोसणाऱ्यांच्या बाजूने. तो निर्माण करणारा माणूस त्या आवाजाच्या सर्वांत जवळ, सर्वांत जास्त तास उभा असतो, याकडे आपले लक्ष जात नाही.

कर्ण्यापासून बेसपर्यंत

डीजेदादांच्या वडिलांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे, त्या काळापासूनचे. दुकानात दिवसभर आकाशवाणीचे जळगाव केंद्र नाहीतर विविध भारती लागलेली असे. सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेच्या आणि अमीन सयानींच्या आवाजाच्या गोष्टी वडील सांगत, आणि हा मुलगा दुकानातल्या बिघडलेल्या मायक्रोफोनसमोर उभा राहून निवेदकांची नक्कल करी. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून स्वरचाचणी द्यावी, अशी त्याची फार इच्छा होती. वडिलांचे आजारपण आले, दुकान अंगावर पडले आणि ते राहून गेले.

दुकानाचा जोडधंदा होता लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा. लग्नघराशेजारच्या निंबाच्या झाडावर कर्णा बांधायचा, खाली अ‍ॅम्प्लिफायर, शेजारी रेकॉर्डांची पेटी. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन आपला नंदुरबार जिल्हा झाला, त्याच सुमारास डीजेदादांनी वडिलांचा कर्णा उतरवला आणि दोन बॉक्स घेतले. रेकॉर्डी जाऊन कॅसेट आल्या, मग सीडी, मग पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप. दोनाचे चार बॉक्स झाले, चाराचे आठ. आता पिकअप गाडीवर बेस आणि टॉप एकावर एक रचलेली भिंतच उभी असते. तिला वीज पुरवायला मागे जनरेटर, आणि हे सारे सांभाळायला एक चालक व तीन पोरे.

“सुरुवातीची दहा वर्षं मी बोलत होतो, मॅडम,” ते म्हणाले. “आलेल्या पाहुण्यांची नावं घ्यायचो, वराच्या मामांचं स्वागत करायचो, गाण्याआधी दोन शब्द सांगायचो. म्हातारी माणसं खुर्ची जवळ ओढून ऐकायची. नंतर बेस वाढला, तसं बोलणं बंद झालं. आता फक्त बटणं फिरवतो.” रेडिओवाला एका घराशी बोलतो आणि डीजेवाला गर्दीशी, हा फरक त्यांनी स्वतःच सांगितला. सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. या धंद्यावर त्यांनी बहिणीचे लग्न केले, घराला स्लॅब टाकला, मुलीला शहरात शिकायला ठेवले.

आणखी एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली; ती मला पूर्वी इतकी स्पष्ट दिसली नव्हती. टिमलीच्या तालावरची भिली आणि पावरी गाणी, अहिराणी गाणी ही एके काळी वाड्या-पाड्यांतच राहत. आज आपल्याकडची तरुण मुले ती छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित करतात आणि ती डीजेच्या गाडीवरून गावोगाव जातात. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत आपल्या बोलीतले गाणे मोठ्याने वाजते तेव्हा नाचणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर काय असते, ते मी माझ्या दवाखान्याच्या पायरीवरून पाहिले आहे. म्हणून डीजे म्हणजे नुसता उपद्रव, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. जिल्ह्यात जवळजवळ सत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी असताना त्यांची गाणी मोठ्या आवाजात कोण वाजवणार होते?

मात्र त्याच समाजाची जुनी रीत आठवून पाहावी. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पाहिलेल्यांना माहीत आहे, की तेथे रात्रभर ढोल घुमतात; कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्ये पहाटेपर्यंत नाचतात. तो आवाजही काही लहान नसतो. परंतु ढोल वाजवणाऱ्याचा हात दुखतो, तो थांबतो, दुसऱ्याच्या हाती टिपरी देतो, मध्येच एखादा विडी ओढायला बाजूला होतो. मोकळ्या डोंगरउतारावर आवाज पसरून जातो. अ‍ॅम्प्लिफायरचा हात दुखत नाही. आणि गावातली गल्ली अरुंद असते. दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात.

टाळेबंदीत ऐकू आलेली शिट्टी

कानात शिट्टी वाजते हे डीजेदादांना प्रथम कळले ते २०२० च्या उन्हाळ्यात. मार्चअखेर टाळेबंदी लागली, पुढे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. ऐन हंगामात गाडी ताडपत्रीखाली उभी होती. रात्री गावात कधी नव्हे इतकी शांतता, आणि त्या शांततेत एक बारीक, न थांबणारी ‘सूं’. आधी त्यांना वाटले, ट्रान्सफॉर्मर वाजतो आहे. मग वाटले, पंखा. पंखा बंद केला तरी आवाज होताच. बायकोला विचारले, तर तिला काही ऐकू येईना.

ती शिट्टी टाळेबंदीत सुरू झाली नव्हती. ती बरीच आधीपासून असणार. आवाजाच्या गोंगाटात ती झाकली गेली होती, इतकेच. याला कर्णनाद म्हणतात. बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, गुणगुण, रातकिड्यांसारखा आवाज येत राहणे, हे त्याचे रूप. कारणे अनेक असतात: कानातला मळ, पडद्यामागचा संसर्ग, काही औषधे, वाढते वय. परंतु वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम करणाऱ्याला ही तक्रार झाली, तर पहिला संशय अंतःकर्णावर घ्यावा.

आपल्या अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळणे असलेली एक नळी असते. तिच्या आत प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार केशपेशी ओळीने उभ्या असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म केस हलतात आणि त्यातून मज्जातंतूला संदेश जातो. बांधावरच्या गवतावरून एकदा कोणी चालून गेले तर ते आडवे होते आणि सकाळपर्यंत पुन्हा उभे राहते. पण रोज त्याच वाटेने पाय पडू लागले की तेथे पायवाट होते. केशपेशींचे असेच आहे. एका वरातीनंतर कान बधिर होतात, दुसऱ्या दिवशी मोकळे होतात आणि आपण निर्धास्त होतो. प्रत्यक्षात काही पेशी कायमच्या गेलेल्या असू शकतात. माणसाच्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. त्या उगवाव्यात यासाठी आज कोणतेही औषध, थेंब, जीवनसत्त्व वा काढा उपलब्ध नाही. कोमट तेल किंवा लसणीचे तेल कानात घालून ही शिट्टी थांबत नाही. पडद्याला छिद्र असेल तर उलट अपाय होतो.

पेशी कमी झाल्या की मेंदूकडे येणारा संदेश क्षीण होतो, आणि मेंदू जणू आपला आवाज वाढवून तो ऐकण्याचा प्रयत्न करतो. त्या वाढवलेल्या आवाजातली खरखर म्हणजे कर्णनाद, असे आजचे बरेच संशोधक मानतात. हे समजावताना डीजेदादा मध्येच म्हणाले, “म्हणजे गेन वाढवला की हिस येतो, तसं.” इतक्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

आता आवाज किती, हा हिशेब. सामान्य बोलणे साधारण ६० डेसिबल असते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक राहू नये. पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक नसतो. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. बॉक्सच्या भिंतीजवळ आवाज १०० च्या वर सहज जातो. डीजेदादा तेथे एका हंगामात रात्रीमागून रात्री, चार-चार पाच-पाच तास उभे राहत आले, वीस वर्षांहून अधिक काळ. पंधरा मिनिटांचा हिशेब त्यांच्या बाबतीत काय होतो, ते वाचकांनीच करून पाहावे.

मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर एक साधी खूण आहे. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला आपले बोलणे कळावे म्हणून ओरडावे लागत असेल, तर तो आवाज कानांना धोक्याचा समजावा.

तेवीस की एकवीस

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून श्रवणचाचणी करून घेतली. तिच्या आलेखात खालच्या स्वरांची रेघ बरीचशी सरळ होती आणि ४००० हर्ट्झच्या आसपास, दोन्ही कानांत, खोल खाच होती. मोठ्या आवाजाने झालेल्या हानीची ही ठरलेली सही. वयाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा रेघ उंच स्वरांकडे उतरत जाते. येथे मध्येच खड्डा पडतो आणि पुढे काहीशी वर येते.

या खड्ड्याचा रोजच्या जगण्यात अर्थ असा: भाषेतले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, त, फ, ख ही व्यंजने वरच्या पट्टीत, ती निसटतात. त्यामुळे अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. “मला ऐकू येतं, पण लोक पुटपुटतात,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य असते. बेस तर त्यांना उत्तम ऐकू येतो. म्हणूनच आपले कान ठीक आहेत, असे डीजेवाल्याला वाटत राहते. टॉप मात्र कमी ऐकू येतो, म्हणून तो तेच बटण आणखी वर चढवतो आणि राहिलेल्या पेशींवर आणखी भार टाकतो. ही साखळी माझ्याही ध्यानात त्यांच्याशी बोलतानाच आली.

धंद्याचे सारे बोलणे मोबाईलवर. गेल्या हंगामात एकाने हळदीची तारीख सांगितली तेवीस. यांनी वहीत लिहिली एकवीस. ‘ते’तला त् निसटला की मागे काय उरते, ते म्हणून पाहा. तेवीस तारखेला त्यांची गाडी दुसऱ्याच गावी होती. मुलीकडची मंडळी मांडवात वाट पाहत राहिली. बयाणा परत करावा लागला आणि चार माणसांसमोर नको ते ऐकून घ्यावे लागले. “तेवढं मात्र सगळं स्पष्ट ऐकू आलं,” असे म्हणून ते हसले. त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत.

पत्नी दुसऱ्या भेटीला बरोबर आल्या होत्या. घरातला टीव्ही फार मोठा लागतो, हाक मारली तरी हे वळत नाहीत, मुलीचा फोन आला की दोन मिनिटांत माझ्या हाती देतात, असे त्या सांगत होत्या. मुलगी अकरावीला आहे, आवाज मुळातच बारीक. तिने काही सांगितले की “काय?” म्हणून विचारणे, तिने पुन्हा सांगणे, तिसऱ्यांदा विचारणे, मग “काही नाही, राहू दे.” शेवटी मुलीने वडिलांना सांगणेच कमी केले. ती नाराज आहे, शहरात जाऊन बदलली आहे, अशी डीजेदादांची समजूत झाली होती. मी आलेख समोर ठेवला आणि मुलीच्या आवाजाची पट्टी साधारण कोठे येते ते पेन्सिलीने दाखवले. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. पत्नी म्हणाल्या, “हे माझं ऐकतच नाहीत, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.”

मराठीत ‘ऐकत नाही’ या शब्दांना दोन अर्थ आहेत आणि किती संसारांत त्यांचा घोटाळा होत असेल, कोण जाणे. अशा घरांसाठी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. समोर येऊन, तोंडावर उजेड असताना बोलावे. दुसऱ्या खोलीतून हाक मारून सांगू नये. टीव्ही किंवा मिक्सर चालू असेल तर आधी बंद करावा. ओरडू नये, ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने होत नाहीत. न कळलेले वाक्य तसेच्या तसे पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे. तारीख, रक्कम, औषधाचे प्रमाण मोबाईलवर लिहूनच पाठवावे. डीजेदादांच्या मुलीने आता हीच रीत धरली आहे. ती लांबलचक संदेश पाठवते आणि वडील ते रात्री गाडीत बसून वाचतात.

तज्ज्ञांनी श्रवणयंत्र सुचवले. अशा रुग्णात त्याचा दुहेरी उपयोग होतो. व्यंजने सुधारतात आणि बाहेरचे आवाज नीट पोचू लागल्याने शिट्टीही मागे पडते. यावर त्यांचा पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. “कानाला मशीन लावलेला डीजे कोण बोलावणार?” असे त्यांनी विचारले. चष्मा लावलेल्या शिंप्याकडे आपण कपडे टाकतोच की, असे मी म्हटले. ते त्यांना फारसे पटलेले दिसले नाही. सध्या ते यंत्र घरी लावतात, धंद्यावर जाताना काढतात. धंद्यावर काढायलाच हवे, हा वेगळा भाग.

रात्री दहानंतर

कायद्याविषयी थोडक्यात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य शासन ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे नियम उचलून धरले. मुंबई उच्च न्यायालयात ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ साली सविस्तर निकाल झाला. आमच्या व्यवसायातल्या एका माणसाने हे काम हाती घेतले, याचे मला कौतुक वाटते.

पण हे सारे नियम ऐकणाऱ्याच्या अंगणापर्यंत पोचणाऱ्या आवाजाचे आहेत. गाडीवरच्या माणसाच्या कानाचे काय? कारखान्यातल्या कामगाराच्या कानांसाठी नियम आहेत, संरक्षक साधने आहेत. पिकअपवर बेसला पाठ लावून बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा कोणत्याही हजेरीपटावर नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, तो सतत मोजला जावा, कानांचे संरक्षण देणारी साधने उपलब्ध असावीत, शांत विश्रांतीची जागा असावी, आणि काम करणाऱ्यांना याचे प्रशिक्षण मिळावे असे म्हटले आहे. जगभरात शंभर कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणाला अशा टाळता येण्याजोग्या आवाजाचा धोका आहे, असा याच संघटनेचा अंदाज आहे. ब्रिटनमधील रेडिओ निवेदक आणि डीजे एडी टेम्पल-मॉरिस यांनी स्वतःच्या कर्णनादाविषयी जाहीरपणे बोलून कानांना बोळे लावण्याचा प्रचार केला. हे मी डीजेदादांना सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले ते शिट्टीचे नव्हे. रेडिओवरचा माणूस हे उघड बोलला, याचे.

काय बदलले, काय नाही

गेलेले ऐकणे परत येणार नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले. उरलेले राखायचे आहे. त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे फोमचे कर्णबोळे. कापसाच्या बोळ्याने फारसा फरक पडत नाही. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करावा, डोक्यावरून दुसरा हात नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि फुलेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. नीट बसला तर आवाज वीस-पंचवीस डेसिबलने उतरतो. अर्धवट बसवला तर बसवला न बसवला सारखाच. कारखान्यात वापरतात ते कानावरचे संरक्षक कप त्याहून सोपे, ते डीजेदादांनी घेतले. लोकांना ते हेडफोनच वाटतात, त्यामुळे लाजेचा प्रश्न मिटला.

गाडीवरची मांडणी त्यांनी स्वतः बदलली. मिक्सर बॉक्सच्या बगलेतून काढून चालकाच्या बाजूला नेला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. आपल्या कानांना ते लागू आहे, एवढेच सुचले नव्हते. दर तासाला दहा मिनिटे संगीत थांबवायचे, असेही ठरवले. त्या दहा मिनिटांत ते पुन्हा माईक हाती घेतात आणि पाहुण्यांची नावे घेतात, वधूच्या आजीचे गाव सांगतात. म्हातारी माणसे पुन्हा खुर्ची पुढे ओढू लागली आहेत, असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. आवाज कमी ठेवतो म्हणून दोन ठिकाणची कामे गेली. एका वरातीत नवरदेवाच्या मित्रांनी गाडीवर चढून बटण स्वतःच वर नेले आणि यांनी हात धरल्यावर बाचाबाची झाली. गाडीवरच्या कर्जाचे हप्ते चालूच आहेत. शिट्टी रात्री अजून वाजते. उशाजवळ मंद आवाजात रेडिओ लावून ठेवला की झोप लागते. कर्णनादात असा हलका पार्श्वध्वनी उपयोगी पडतो, म्हणून मीच ते सुचवले होते. जागरणाच्या रात्री गुटखा खाणे त्यांनी कमी केले आहे, सोडलेला नाही. रक्तदाबाची गोळी चालू करावी लागली. रात्रीचा मोठा आवाज आणि तुटलेली झोप या दोहोंनी तो वाढतो.

घरच्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. वरातीत तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन बॉक्ससमोर नाचू नये. त्याच्या कानांची नळी लहान असते आणि दुखते हे त्याला सांगता येत नाही. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर दडे बसले असतील म्हणून आठवडाभर वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर ऐकणे परतण्याची शक्यता असते. पुढे ती झपाट्याने कमी होते. क्षयरोगाची इंजेक्शने किंवा तशीच काही प्रतिजैविके चालू असणाऱ्यांनी तर डीजेपासून लांबच राहावे, कारण ती औषधे आणि मोठा आवाज मिळून कानाचे अधिक नुकसान करतात.

गाडीवरची तीन पोरे मागच्या मंगळवारी डीजेदादा दवाखान्यात घेऊन आले. सगळ्यांत धाकट्याने, मला काही होत नाही, असे सांगितले आणि मी पाठमोरी होऊन हळू आवाजात विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी दोहोंना उत्तर दिले नाही. तुळशीचे लग्न झाले की सराई सुरू होईल. त्याआधी तिघांची श्रवणचाचणी करायची ठरली आहे. दोघांनी तारीख घेतली आहे. धाकट्याचा निरोप अजून आलेला नाही.